बार्शी लाइट रेल्वेचं मॉडेल: तयार मिळतं का, नसेल तर कुठून सुरुवात करावी?

वाफाळ_लातूरकर विचारतात:

नमस्कार मंडळी. मला बार्शी लाइट रेल्वेचं मॉडेल करायचं आहे. काळ साधारण १९३० ते १९४०, म्हणजे १९२७ ला मिरजेपर्यंत रूळ पोचल्यानंतरचा आणि १९५४ ला सरकारने कंपनी विकत घेण्याआधीचा. डब्यांवर ‘म.रे.’ नको, कंपनीचीच गाडी हवी.

ऑनलाइन शोधलं की दार्जिलिंग सापडतं, थोडंफार कालका-शिमला सापडतं, आणि बाकी सगळं ऑस्ट्रियाचं नाहीतर वेल्सचं. मिरज ते लातूर सव्वातीनशे किलोमीटरची लाइन, पण तिचं तयार इंजिन सोडाच, एक मालडबासुद्धा कुठे दिसला नाही.

जागा: भिंतीला लागून ६ फूट लांब, १८ इंच रुंद फळी. बजेट: वर्षभरात पंचवीस-तीस हजार, एकदम नाही. सोल्डरिंग येतं. ओळखीच्याकडे रेझिन थ्रीडी प्रिंटर आहे.

विचारायचं आहे ते असं. कोणत्या स्केलमध्ये करावं? इंजिनासाठी कशाची चासी (चाकं-मोटरसकट खालचा सांगाडा) घ्यावी? आणि परदेशातून पार्सल मागवताना काय बघावं? पंढरपूरच्या यात्रेची गर्दी दाखवता आली तर सोन्याहून पिवळं.

---

अडीचफुटी:

तयार मिळत नाही. शोधण्यात वेळ घालवू नका. पण ‘काहीच नाही’ असंही नाही, कारण तुमच्या गाडीचे दोन नातेवाईक युरोपात आहेत आणि त्यांचे भाग मिळतात.

पहिला सख्खा भाऊ. बार्शी लाइटचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा माणूस आधी जीआयपी रेल्वेच्या नोकरीत होता. (पुढे त्याने विमानातून उडी मारायचं पॅराशूटही काढलं, पण तो विषय वेगळा.) १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी चालू झाली आणि १९०४ मध्ये त्याच धाटणीची लाइन त्याने इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये उभी केली: लीक अँड मॅनिफोल्ड. गेज (दोन रुळांमधलं अंतर) तेच, २ फूट ६ इंच. इंजिनं त्याच किट्सन कारखान्याची. तिथली दोन्ही इंजिनं २-६-४ टँक, आपली सुरुवातीची ०-८-४ टँक (आकडे म्हणजे पुढची, चालकी आणि मागची चाकं; टँक म्हणजे पाण्याची टाकी इंजिनावरच). ती इंग्लिश लाइन १९३४ ला बंद पडली, पण तिचे चाहते अजून आहेत आणि तिची पितळी, एच केलेली (आम्लाने कोरलेली) किट अधूनमधून विकायला येतात. सगळी ४ मिमीच्या स्केलमध्ये (खऱ्या एका फुटाला ४ मिमी), म्हणजे १:७६.

दुसरा चुलतभाऊ ऑस्ट्रियाचा. तिथलं नॅरोगेज ७६० मिमी, आपलं ७६२. दोन मिलिमीटरचा फरक मॉडेलमध्ये शून्य. ऑस्ट्रियन गाड्या १:८७ मध्ये ९ मिमी रुळावर तयार मिळतात, त्याला एचओई म्हणतात. रोको आणि लिलिपुट ही त्यातली जुनी नावं.

आता गणित करू या, म्हणजे वाद नको. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिमी. रूळ ९ मिमीचा. चूक पावणेतीन टक्के, डोळ्याला कळत नाही. तेच १:७६ ला ९ मिमीचा रूळ वापरला तर प्रत्यक्षातलं गेज भरतं ६८६ मिमी, म्हणजे २ फूट ३ इंच. समोरून बघितलं की डबा रुळावर छाताड काढून बसल्यासारखा दिसतो. बार्शीचे डबे रुळाच्या मानाने मुळातच रुंद (७ फूट), त्यामुळे हा दोष आणखी उठून दिसतो.

म्हणून माझं मत १:८७, एचओई. लीक अँड मॅनिफोल्डची किट मग वापरता येणार नाहीत हे मान्य करून टाका. १:७६ चा भाग १:८७ च्या शेजारी साडेचौदा टक्क्यांनी मोठा दिसतो. चिमणी किंवा डोमसारखी सुटी वस्तू एखाद्या वेळी खपून जाते, कॅब किंवा टाकी खपत नाही. त्या इंजिनांचे फोटो मात्र जरूर जमवा. कॅलथ्रॉपचा हात दोन्हीकडे एकच आहे, आणि बार्शीच्या फोटोत जे धुरात बुडालंय ते तिकडच्या फोटोत स्वच्छ दिसतं.

एक जागेबद्दल. १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. या रुंदीत ९ इंच त्रिज्येचं वर्तुळसुद्धा बसत नाही, त्यामुळे गोल फिरणारी गाडी विसरा. एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला पडद्याआड गाडी उभी करायची जागा, असंच करा. इंजिनाला १२० मिमी आणि चार मालडब्यांना कपलरसकट प्रत्येकी ९६ धरले तर गाडी ५०४ मिमीची. लूपच्या (शेजारून धावून पुन्हा मुख्य रुळाला मिळणाऱ्या रुळाच्या) दोन सांध्यांना, म्हणजे रूळ बदलायच्या जागांना, मिळून २५० मिमी. पडद्याआड आणखी ५२० ठेवा. एकूण पावणेतेराशेच्या आसपास. तुमची फळी १८२९ मिमीची आहे, म्हणजे मालधक्क्याच्या सायडिंगला आणि इंजिनाला पुढून मागे घ्यायला भरपूर जागा उरते.

---

कानस_आणि_करवत:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त इंजिनापासून सुरुवात करू नका. मालडब्यापासून करा. कारण सांगतो.

कॅलथ्रॉपची सगळी अक्कल डब्यात आहे. त्याने ठरवलं की कुठल्याही धुरीवर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, इंजिन असो की डबा. त्यामुळे दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. आणि डब्यांचा सांगाडा एकाच मापाचा ठेवला: २५ फूट लांब, ७ फूट रुंद, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा, लीड्स फोर्जच्या फॉक्स पद्धतीचा. मॉडेलवाल्याला याहून सोयीचं काय असणार? एक सांगाडा नीट जमला की त्यावर उघडा डबा, बंद डबा, सपाट डबा, सगळं चढतं.

१:८७ ला माप येतं ८७.६ गुणिले २४.५ मिमी.

ड्रॉइंग मिळालं नाही तर फोटोवरून माप काढावं लागतं. त्यासाठी काटकोनात, लांबून घेतलेला फोटो निवडा. जवळून काढलेल्या फोटोत जवळचं टोक फुगतं आणि दारं-खिडक्यांची मापं चुकतात. सांगाड्याची २५ फूट लांबी फोटोवर मोजा, त्यावरून एका फुटाला किती पिक्सेल ते काढा, आणि त्याच पातळीत असलेल्या गोष्टीच मोजा. छत मागे झुकलेलं असतं, ते या हिशोबाने मोजलं तर बुटकं येईल. दोन वेगवेगळ्या फोटोंतून काढलेली मापं ३ टक्क्यांच्या आत जुळली तर पुढे जा.

प्रिंटबद्दल. सांगाडा आणि वरची पेटी वेगवेगळी छापा. एकत्र छापलं तर आतल्या कोपऱ्यात आधाराचे खुंट राहतात आणि ते तासताना रिव्हेट जातात. भिंतीची जाडी ०.८ मिमीच्या खाली नेऊ नका. रिव्हेट ०.३ मिमी व्यासाचे आणि ०.२ उंचीचे ठेवा. खऱ्या मापाने काढले तर रंगाखाली गडप होतात. तुकडा आडवा न ठेवता ३० ते ४५ अंशांत तिरका छापा. सपाट छापल्यावर एवढा लांब तुकडा केळ्यासारखा वाकतो, आणि एकाच बाजूने यूव्ही दिला की आणखी वाकतो. वाकला तर टाकू नका. साठ-सत्तर अंशांच्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, काचेवर दाबा, वर वजन ठेवून थंड होऊ द्या. धुलाई अल्कोहोलमध्ये पाच मिनिटांच्या वर नको, रेझिन पाणी प्यायल्यासारखं फुगतं आणि नंतर तडकतं.

वजन हा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. रेझिनचा नुसता डबा जेमतेम १० ग्रॅम भरतो आणि सांध्यावर पहिल्यांदा तोच उतरतो. सांगाड्यात ८० गुणिले १६ गुणिले २ मिमीची पितळी पट्टी बसेल अशी खाच ड्रॉइंगमध्येच ठेवा. तिचं वजन २० ग्रॅमच्या वर जातं, डबा तिशीला पोचतो. त्याहून जड करू नका, छोटं इंजिन चढावर घसरेल. सगळे डबे एकाच वजनाचे ठेवा. हलका डबा जड डब्यांच्या मध्ये आला की रिव्हर्सला हमखास उडतो.

आता बोगी, म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा वळणारा गाडा. इथे बहुतेक जण एन स्केलची (९ मिमी रुळावरच्या, आणखी लहान मेनलाइन मॉडेलची) तयार बोगी लावून मोकळे होतात. तिचा व्हीलबेस (दोन धुरींमधलं अंतर) ११ मिमीच्या आसपास असतो, १:८७ ला तो जेमतेम तीन फूट दोन इंच. अख्खा डबा खाली खेळण्यासारखा दिसतो. बाजूच्या फ्रेम स्वतः काढा, फोटोवरून व्हीलबेस मोजून, आणि आत फक्त एनच्या चाकजोड्या घाला. अ‍ॅक्सलची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजल्याशिवाय ड्रॉइंग करू नका. प्रत्येक कंपनीची वेगळी, १५ मिमीच्या अल्याड-पल्याड. पाव मिलिमीटर जास्त झाली तर चाक अडकतं, कमी झाली तर जोडी खाली गळून पडते. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ७.४ मिमीच्या आसपास हवं. कमी असेल तर सांध्याच्या फ्रॉगवर (जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे) चाक टणकन आदळतं.

दोन्ही बोग्या सारख्या कसू नका. एक बोगी फक्त वळेल, डुलणार नाही इतपत कसा, दुसरी सैल सोडा. तीन पायांचं स्टूल डगमगत नाही, तसंच हे. दोन्ही घट्ट केल्या तर वाकड्या रुळावर एक चाक हवेत राहतं.

---

वाफाळ_लातूरकर:

धन्यवाद दोघांनाही! डब्यापासूनच सुरुवात करतो. इंजिनाचं काय? आणि ९ मिमीचा रूळ म्हणजे एन स्केलचाच रूळ चालेल ना?

---

अडीचफुटी:

आधी रूळ, मग इंजिन.

चालेल, पण तसाच टाकला तर चाणाक्ष माणूस दुरून ओळखेल. एनच्या रुळाचे स्लीपर मेनलाइनचे, एकमेकांना चिकटून. त्यांची लांबी सव्वासोळा मिमीच्या पुढे असते, ती ५ फुटी नॅरोगेज स्लीपरच्या साडेसतरा मिमीला खपून जाते. खुपतं ते त्यांच्यामधलं अंतर. खऱ्या नॅरोगेजला ते अडीच फुटांच्या जवळ, म्हणजे १:८७ ला साडेआठ-नऊ मिमी. उपाय सोपा: एकाआड एक स्लीपर कापून टाका, उरलेले सरकवून सारखे करा. किंवा पेको कंपनीचा ओओ-९ चा (१:७६ च्या नॅरोगेजसाठीचा ९ मिमी) रूळ घ्या. त्याचे स्लीपर मुळातच विरळ आणि रुंद आहेत.

रुळाची उंचीही बघा. ३० पौंडी रूळ सुमारे ३ इंच उंच, १:८७ ला ०.८८ मिमी. कोड ८० चा रूळ (कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेली उंची) २.०३ मिमी, म्हणजे खऱ्यात १७७. आजच्या राजधानीखालचा ६० किलोचा रूळही १७२ चा आहे! बार्शी लाइटला तो म्हणजे अति झालं. कोड ४० सर्वांत जवळचा, पण तो हाताने पीसीबीच्या (तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या) स्लीपरवर सोल्डर करावा लागतो आणि जुन्या एन चाकांच्या खोल कडा सोल्डरवर घासतात. मधला मार्ग पेकोचा कोड ५५. गंमत अशी की तो आतून उंचच रूळ आहे, निम्मा स्लीपरच्या प्लास्टिकमध्ये पुरलेला. त्यामुळे खोल कडांची चाकंही चालतात आणि स्लीपर कापले तरी पकड सुटत नाही. फक्त कापलेल्या जागी रुळाचा खालचा पाय उघडा दिसतो, तो मुरमाने झाकायचा. बार्शीच्या बाजूला स्लीपर निम्मेअधिक मातीत गेलेलेच शोभतात, तेव्हा चिंता नाही.

इंजिन. ०-८-४ हा विचित्र साचा आहे, आठ चालकी चाकं आणि मागे चार चाकांची बोगी. असा साचा तयार एचओईमध्ये एकच नजरेत भरतो: ऑस्ट्रियाच्या मारियात्सेल लाइनचं एमएच, पुढे ३९९ क्रमांकाचं. एंगर्थ पद्धतीचं, ०-८-४ मांडणीचं, ७६० मिमी गेजचं. रोकोने ते एचओईमध्ये काढलं आहे. दिसायला किट्सनशी काही संबंध नाही, घ्यायची ती फक्त चासी.

कोऱ्याला हात घालू नका, शेकडो युरोंची वस्तू आहे. ‘बॉडी तुटलेली, चालू स्थितीत’ असं लिहिलेलं जुनं शोधा. जर्मन भाषिक लिलावाच्या साइटवर ‘बास्टलर’ या शब्दाने शोधलं की असला मोडका माल वर येतो. घेण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी विचारून घ्या: दोन्ही दिशांनी चालतं का, एखादा गिअर टकटक करतो का, आणि रॉडचे सगळे पिन जागेवर आहेत का. सुटे गिअर नंतर मिळतीलच असं नाही.

वरचा भाग बसवताना मुख्य अडचण वळणाची. एंगर्थमध्ये मागची फ्रेम मुख्य फ्रेमला पिव्होटने जोडलेली असते आणि मागचा भाग स्वतंत्र वळतो. टँक इंजिनात मात्र कॅब आणि मागचा कोळशाचा बंकर एकाच ताठ फ्रेमवर. म्हणून बॉडी सगळी पुढच्या फ्रेमला पक्की करा आणि मागची फ्रेम तिच्याखाली मोकळी फिरू द्या. बंकरच्या खालच्या कडेला दोन्हीकडे किमान १.५ मिमी मोकळी जागा लागेल. आधी पांढऱ्या आयव्हरी कार्डची पेटी करून तुमच्या सर्वांत आवळ वळणावरून हाताने ढकला. कुठे घासतं ते कार्डवर दिसेल, मग पत्रा कापा.

पत्रा ०.३ मिमीचा पितळी, ३० गेज. टाक्या आणि कॅब त्याच्या. बॉयलरला पितळी नळी. डोम आणि चिमणी छापून चालतील. चालकी धुरींमधलं अंतर पाचेक टक्के इकडेतिकडे झालं तर चालवून घ्या. चाकांचा व्यास चुकला तर मात्र इंजिन डोळ्याला चुकीचं दिसत राहतं.

---

ओ_स्केलचा_भक्त:

मंडळी, माझं वेगळं मत. १:४८ करा, १६.५ मिमी रुळावर.

७६२ भागिले ४८ म्हणजे १५.९. रूळ साडेसोळाचा. चूक चार टक्के, चालते. फायदा असा की रूळ, चाकं, मोटर, गिअर, सगळं एचओचं (१:८७ च्या मेनलाइन मॉडेलचं). ते भारतात हाताशी मिळतं आणि जुन्या इंजिनांच्या चासी एचओईच्या मानाने स्वस्त पडतात. आठ चालकी चाकांच्या एचओ इंजिनांना तोटा नाही, मागची बोगी वेगळी लावली की झालं. कोड ७० चा रूळ १:४८ ला ८५ मिमी उंच भरतो, म्हणजे ३० पौंडीच्या अगदी जवळ. स्लीपरला आइस्क्रीमच्या काड्या, ३२ मिमी लांब आणि ५ मिमी रुंद कापून, चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवलेल्या.

आणि एचओईत जे रिव्हेट भिंगातून बघावे लागतात ते इथे बोटाला लागतात.

तोटाही सांगतो. डबा १५९ मिमीचा होतो. तुमच्या फळीवर इंजिन आणि दोन डबे, तिसरा बळंच. यात्रेची गाडी दाखवायची असेल तर ती दोन डब्यांची बरी दिसणार नाही. तेव्हा गाडी हवी की इंजिन हवं हे आधी ठरवा. इंजिनावर जीव असेल तर १:४८.

---

कानस_आणि_करवत:

भक्तांचा मुद्दा फळी १२ फुटांची असती तर मान्य होता. सहा फुटांत यात्रा म्हणजे एचओईच.

---

पार्सलबहाद्दर:

परदेशातून मागवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

कस्टमच्या वर्गवारीत स्केल मॉडेलही खेळण्यांच्याच रांगेत बसतं. खेळण्यांवरची मूळ ड्यूटी २०२३ च्या अर्थसंकल्पात ६० वरून ७० टक्के झाली. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं चिन्ह सक्तीचं आहे, त्यामुळे तयार गाडीचं रंगीत खोकं कधीकधी अडकून पडतं. तेव्हा आलेल्या वस्तूची किंमत साधारण दुप्पट पडेल असं धरूनच तुमच्या तीस हजारांचा हिशोब करा. कमी निघाली तर आनंदच.

विक्रेत्याला सांगा की बिलात प्रत्येक वस्तूचं खरं नाव, खरी किंमत आणि कशाची आहे ते लिही: ‘पितळी एच केलेला पत्रा’, ‘धातूची चाकजोडी, २० नग’. नुसतं ‘ट्रेन’ लिहिलं की उघडून बघणार, प्रश्न विचारणार. भेट म्हणून किंवा किंमत कमी दाखवून पाठवू नका. पकडलं तर दंड, आणि पार्सल हरवलं तर विमा मिळतो तो लिहिलेल्या किमतीवरच.

बाहेरून फक्त इतकंच मागवा: चासी, चाकजोड्या, कपलर आणि दोन सांधे. चाकजोड्या एकदम घ्या. चार डब्यांना सोळा लागतात, चार जास्तीच्या. बाकी सगळं इथे मिळतं. पितळी पत्रा, एम-२ चे स्क्रू, बारीक कानशी मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला. बारा व्होल्टचा सप्लाय, वायर, स्विच लॅमिंग्टन रोडला, नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत. पुण्यात जाणं झालंच तर कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या. बार्शी तिथे नाही, पण सिग्नल, सांधे आणि देखावा एकमेकांशी कसे बांधलेत ते समजतं.

कपलरबद्दल एक. बार्शीला डब्याच्या मधोमध एकच बफर-कपलर होता, मेनलाइनसारखे दोन बफर नव्हते. एचओईचा ठरलेला आकडा-कडीचा कपलर मधोमधच असतो, पण फार मोठा दिसतो. मायक्रो-ट्रेन्सचा एन कपलर आकाराने बरा. त्यावर पुढून अर्धगोल पातळ पत्र्याचा बफर चिकटवला की लांबून शोभतो. कपलरची उंची सगळ्या डब्यांना एका पट्टीवर तपासा, अर्धा मिलिमीटर खालीवर झाला की चालत्या गाडीत सुटतो.

---

माळावरची_माती:

माझा भाग मातीचा आणि माणसांचा.

कुर्डुवाडी-पंढरपूर भाग दाखवताय ना, मग हिरवं गवत घालू नका. युरोपचं तयार गवत टाकलं की सगळं स्वित्झर्लंड होतं. खरी माती वापरा. रुळाखाली मुरूम, कडेला काळी माती. चहाच्या गाळणीतून चाळा, तव्यावर दहा-पंधरा मिनिटं भाजा (नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येते), आणि मग त्यावरून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक तीनचार वेळा फिरवा. ही पायरी टाळू नका. आपली माती काळ्या कातळाची, तिच्यात लोहाचे चुंबकी कण असतात. कागदाला काळी मिशी फुटल्यासारखे ते चिकटतात. तेच कण राहून गेले तर इंजिनाच्या मोटरचा चुंबक ओढून घेतो, आणि थोड्याच दिवसांत मोटर कुरकुरायला लागते.

चिकटवायला फेविकॉल एक भाग, पाणी चार भाग, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. थेंब नसेल तर पाणी मातीवर गोळे करून बसतं, मुरत नाही. सांध्याच्या हलत्या पात्याजवळ ड्रॉपरने नका देऊ, काडीने लावा. खालची फळी एमडीएफची असेल तर माती पसरण्याआधी दोन्ही बाजूंनी वॉर्निश मारा, नाहीतर दमट हवेत फुगून रूळ पाठ काढतो.

माणसं. १:८७ ची रंग न दिलेली माणसं शंभराच्या पाकिटात स्वस्तात मिळतात, पण ती सगळी पँट-कोटातली. पाकीट आलं की आधी उंची मोजा. साडेपाच फुटी माणूस १९.३ मिमी हवा. पाकिटावर १:८७ लिहून आत सोळा ते बावीस मिमीपर्यंत काहीही निघतं. सोळाची पोरं म्हणून चालतात, बाविसाची बाजूला काढा.

मग कपडे. पायांमधली फट एम-सीलने भरा, ओल्या सुईने दोन चुण्या काढा, झालं धोतर. नऊवारीला मागे कासोटा आलाच पाहिजे, नाहीतर ती झग्यातली मडम वाटते. टिश्यू पेपरची दीड मिमी रुंदीची पट्टी फेविकॉलच्या पाण्यात भिजवून दोन पायांमधून मागे घ्या आणि कमरेला दाबा. फेटा मात्र एम-सीलने ढोबळ होतो. शिवायच्या दोऱ्याचे तीन-चार वेढे डोक्याला द्या, शेवट मागे लोंबता सोडा, वर पातळ फेविकॉल. रंग मळकट पांढरा घ्या, चकचकीत पांढरा नको.

पताकेची काठी ०.२ मिमीच्या तांब्याच्या तारेची, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून. पताका भगव्या रंगाने दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या सिगारेटच्या कागदाची. खांद्यावर पडशी, डोक्यावर गाठोडं. गाठोडी एम-सीलचे गोळे करून हवी तेवढी पाडा. चार डब्यांची गाडी आणि फलाट भरलेला दिसायला सत्तर-ऐंशी माणसं लागतील, आणि ती सगळी सरळ उभी करू नका. यात्रेत अर्धी माणसं खाली टेकलेली असतात. उभ्यांचे पाय गुडघ्यात कापून पुन्हा जोडा.

---

वाफाळ_लातूरकर:

एचओई नक्की केलं. लोहचुंबकाचं तर डोक्यातच आलं नसतं. शेवटचा प्रश्न, कंट्रोलर कसला घेऊ? आणि डब्यांवरची अक्षरं?

---

अडीचफुटी:

साधा बारा व्होल्ट डीसी, एक अँपिअर पुरे. बाजारातले स्वस्त पीडब्ल्यूएम बोर्ड (वीज झपाझप चालू-बंद करून वेग ठरवणारे) हजारेक हर्ट्झच्या खालचे असतील तर घेऊ नका. छोट्या मोटरी त्यावर गुणगुणतात आणि तापतात. वीस किलोहर्ट्झच्या वरचा बघा. सांध्यांचे फ्रॉग धातूचे घेऊन स्विचने वीज द्या. आठ चाकांचं इंजिन प्लास्टिकच्या फ्रॉगवरूनही जाईल, पण सावकाश चालवताना अडखळेल. लूपच्या दोन्ही रुळांना आणि सायडिंगला वेगळी वायर आणा, फिशप्लेटच्या (रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) भरवशावर राहू नका. माती घातल्यावर त्या सैल होतातच.

अक्षरं गडद डब्यावर पांढरी हवीत आणि घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते. डब्याला आधी पांढरा रंग द्या, कटिंग प्लॉटरवर कापलेली व्हायनलची अक्षरं चिकटवा, वरून डब्याचा रंग हलका फवारा, आणि अर्धवट वाळला असताना टोकदार चिमट्याने अक्षरं उचला. पूर्ण वाळल्यावर उचललीत तर कडेचे टवके निघतील. २ मिमीपेक्षा लहान अक्षरं प्लॉटर नीट कापत नाही, तेवढ्यापुरती डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं) बाहेर छापून घ्या.